ब्लाइंडले शो नाही

पत्त्यांच्या खेळाबद्दल माझ्याशी कोणी गोडीगुलाबीने बोलायला येऊ नये. पोळ्याला, दिवाळीला, लग्नाच्या मांडवामागे माणसं गोल करून बसतात आणि कोणी हौसेने म्हणतं, "ताई, बसा ना एक डाव," तेव्हा माझ्या कपाळावर आठी येते. मला खेळता येत नाही असं नाही. तीन पत्ती मला चांगली येते. कोण विचार करून चाल टाकतो आणि कोण नुसत्या रुबाबात टाकतो, हे मला मागे उभं राहूनही कळतं. पण माझ्या आईचा एक डाव राळेगावच्या रस्त्यावर उघडला न जाता मोडला, आणि तेव्हापासून त्या खेळावरून माझं मन उडालं ते उडालंच.

कापसाचे ते वाईट दिवस होते. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरच्या आतल्या पानावरून पहिल्या पानावर यायला लागलं होतं. बाहेरगावी कोणाला 'यवतमाळ' सांगितलं, की समोरचा लगेच चेहरा पाडायचा. मला त्या पाडलेल्या चेहऱ्यांची चीड यायची. आमच्या घरी कोणी गळा काढून बसलेलं नव्हतं. वडील एस.टी.त ड्रायव्हर होते, उमरखेडकडच्या गाड्यांवर. पगार वेळेवर यायचा. शेत मात्र आईच्या नावावर होतं, कारण नोकरीवाल्याने आपल्या नावावर शेत ठेवू नये असं कोणीतरी वडिलांच्या डोक्यात भरवलं होतं. तो शहाणा कोण ते मला कधी कळलं नाही, नाहीतर घरी जाऊन त्याला चार शब्द सुनावले असते.

शेत आईच्या नावावर, म्हणून कापूस विकायला आईच हजर पाहिजे. सातबारा ज्याच्या नावावर, तोच काट्यासमोर उभा राहणार, असा सरकारी खरेदी केंद्राचा नियम होता. बाहेर व्यापाऱ्याला विकायची तेव्हा मुभा नव्हती. त्यामुळे राळेगावला जिनिंगच्या फाटकापासून रस्त्याच्या कडेने बैलगाड्यांची रांग लागायची, ती पार वळणाच्या पलीकडे जायची. आमच्या सालदाराने, म्हणजे सालाने ठेवलेल्या गड्याने, गाडी आणून रांगेत लावली आणि वेचणी उरकायला तो गावी परत गेला. मागे राहिलो आई, मी आणि बैलजोडी. मी कॉलेजात होते, दिवाळीची सुट्टी होती. रांगेत नजर पोचेपर्यंत दुसरी बाईमाणूस नव्हती.

फाटकावरचा बाबू प्रत्येक गाडीला पत्र्याचा एक बिल्ला द्यायचा, त्यावर नंबर ठोकलेला. नंबर आला आणि मालक हजर नसला, की बिल्ला जप्त आणि गाडी रांगेच्या शेपटाला. रांग एखाद्या दिवशी थोडी सरकायची, एखाद्या दिवशी जागची हलायची नाही. कधी आत कापूस ठेवायला जागा नाही, कधी कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आला नाही. माणसं गाडीखाली स्वयंपाक करायची, गाडीखाली झोपायची आणि दिवसभर पत्ते कुटायची. पैसे कोणी लावत नव्हतं, कारण तिथे सगळ्यांत महाग वस्तू होती बैलांचा कडबा. पहिल्या दोन दिवसांतच लोकांची वैरण संपत आली होती. म्हणून डावात कडब्याच्या पेंढ्या लागायच्या. आणि क्वचित, गंमत म्हणून, बिल्ला लागायचा.

या बिल्ल्याची रांगेत एक वेगळीच रीत होती. कोणी आपला पुढचा नंबर दुसऱ्याला नुसता देऊन टाकला, तर मागचे सगळे बोंबलायचे. ओळखीचा आहे, जातीचा आहे, काहीतरी घेतलं असेल, असं काय काय निघायचं. हाणामारीसुद्धा व्हायची. पण तोच नंबर पत्त्यांत गेला, तर कोणी चकार शब्द काढत नसे. डावात गेलं ते गेलं. म्हणजे तिथे माणुसकीने कोणाचं भलं करायची सोय नव्हती, हरून करायची होती. असले कायदे आमच्याच लोकांना सुचतात.

एका सकाळी यवतमाळकडून आलेली एस.टी. रांगेपाशी हळू झाली आणि वडिलांच्या ओळखीचा कंडक्टर पायरीवरून आईला म्हणाला, "वयनी, फुलसावंगीहून निरोप हाय. तुमची माय लय सिरीयस हाय. लहानीले बोलवा, लहानीले बोलवा, असंच करून राह्यली." गाडी थांबली नाही. तो लोंबकळतच पुढे गेला.

लहानी म्हणजे माझी आई. माहेरच्या भावंडांत शेंडेफळ. चाळिशी उलटली तरी आजी तिला त्याच नावाने हाक मारायची.

फुलसावंगी म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. राळेगावहून यवतमाळ, यवतमाळहून महागाव, पुढे मिळेल त्या गाडीने. दिवस जायचा. आई तडक फाटकावर गेली. "पोरगी थांबते, तिची सही घ्या," म्हणाली. बाबूने मान वर केली नाही. "सातबारावाला पाह्यजे, बाई. पोरगी नाही चालत." ती परत आली. मी म्हटलं, "आई, नंबर गेला तर जाऊ दे. तू जा. मी बसते गाडीपाशी." तिने रांगेतल्या बाप्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पदर खोचला आणि ती रांगेच्या पुढच्या भागाकडे चालू लागली. मी मागोमाग.

फाटकाच्या तोंडाशी ज्याची गाडी होती तो राळेगावजवळच्याच एका गावचा मोठा कास्तकार होता. गळ्यात पांढराशुभ्र दुपट्टा. त्याची गाडी त्याच दिवशी काट्यावर चढणार होती. त्याला कसलीच घाई नव्हती. घर जवळ, डबा घरून यायचा, आणि त्याचा गडी रोज सायकलवर ताज्या वैरणीचा भारा आणायचा. ताडपत्रीवर बसून तो दोघातिघांशी खेळत होता. लोक त्याला मालक म्हणायचे.

आईने उभ्यानेच सांगितलं. "भाऊ, माही माय सिरीयस हाय. आज माप झालं तं संध्याकाळच्या गाडीनं जाता येईन. तुमचा नंबर मले द्या, माहा तुमी घ्या."

त्याने हातातले पत्ते खाली ठेवले. वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणते, आणि म्हणूनच जास्त राग येतो. तो म्हणाला, "वयनी, माही ना नाही. पण असा देता येते काय? हे मागचे मले कच्चा खातीन." मग मिशीत हसून म्हणाला, "डावात गेला तं कोणी काही म्हणणार नाही. खेळता येते?"

"येते," आई म्हणाली.

येतच होती. फुलसावंगीला आजीच्या घरी पोळ्याच्या दुपारी बायका-पोरंही पत्ते खेळायची. बैल मिरवून आणायला बापे गेले, की आजी ओसरीवर सतरंजी टाकायची आणि चिंचोके लावून तीन पत्ती सुरू व्हायची. आईला हा खेळ आजीनेच शिकवला होता. आई ताडपत्रीवर मांडी घालून बसली तेव्हा भोवती चांगलाच घोळका जमला. बाई पत्ते खेळून राह्यली म्हटल्यावर वळणापलीकडचेही आले.

ठरलं ते असं. त्याने आपला बिल्ला मधे ठेवला. आई जिंकली तर तो बिल्ला आईचा आणि आईचा त्याला. आई हरली तर नंबर ज्याचा त्याच्यापाशी, आणि मधे पडलेला कडबा सगळा त्याचा. मी आमच्या गाडीवरच्या पेंढ्या आणून आईच्या मागे रचल्या. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या. बैल माझ्याकडे बघत होते, ते मला आवडलं नाही.

ज्यांना तीन पत्ती येत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. प्रत्येकाला तीन पत्ते. जो न बघता खेळतो तो ब्लाइंड, त्याला एक लावावं लागतं. जो पत्ते उचलून बघतो त्याने दुप्पट, म्हणजे दोन लावायचे. त्याला चाल म्हणतात. दोघंच उरले, की पैसे, चिंचोके किंवा कडबा, जे असेल ते टाकून 'शो' मागायचा, म्हणजे दोघांचे पत्ते उघडे. नाहीतर पत्ते टाकून द्यायचे, म्हणजे पॅक.

पत्ते वाटले गेले. आईने उचलून पाहिले. मी तिच्या खांद्यावरून पाहिले. दोन राण्या आणि एक एक्का. जोडी म्हणजे काही राज्य नव्हे, पण रोजच्या खेळात जोडीवर चांगले चांगले डाव मारले जातात. आईचा चेहरा जराही हलला नाही. तिला इतकं बेमालूम बसता येतं हे मला माहीत नव्हतं.

त्याने आपल्या पत्त्यांना हात लावला नाही. "आपण ब्लाइंड," म्हणाला आणि एक पेंढी टाकली. घोळक्यात कौतुकाची कुजबुज झाली. बाईला संधी देऊन राह्यला, पाहूनसुदिक नाही राह्यला, मोठ्या मनाचा माणूस. मलाही तेव्हा तसंच वाटलं. मी मनातल्या मनात त्याला आशीर्वाद देऊन टाकला.

आईने दोन टाकल्या. त्याने एक. आईने दोन. त्याने एक. आमच्या मागचा ढीग झपाझप उतरत होता आणि त्याचा गडी खुशाल भाऱ्यातून एकेक पेंढी काढून देत होता. पण आई शांत होती. मी तिच्या बोटांकडे पाहत होते. प्रत्येक वेळी पेंढ्या टाकल्यावर ती हात मागे नेऊन उरलेल्या चाचपत होती. तिला कुठे थांबायचं ते पक्कं ठाऊक होतं. चार पेंढ्या राहिल्या तेव्हा तिने त्या चारही पुढे ओढल्या, मधे ठेवल्या आणि म्हणाली, "हे चालीचे दुप्पट. शो."

मग मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि एकदम सगळे हसले.

"ओ वयनी, ब्लाइंडले शो नाही मागता येत!"

आई म्हणाली, "येते. दुप्पट टाकून येते."

"कोणत्या गावी?"

"आमच्या गावी."

पुन्हा हशा. एक म्हातारा समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाई, तुमी पत्ते पाह्यले, त्यायनं नाही पाह्यले. शो त्यायनंच मागाचा. तुमी एक तं चाल टाका, नाही तं पॅक करा. हे सगळीकडंच असंच हाय."

तेव्हा पहिल्यांदा आईचा चेहरा हलला. तिने अख्खा डाव त्या चार पेंढ्यांवर बांधला होता. हातात चांगले पत्ते असून शेवटी शोच मागता येणार नाही, हे तिच्या हिशेबातच नव्हतं. ती मालकाला म्हणाली, "भाऊ, तुमाले चालते का?" तो चुळबुळला. त्याने घोळक्याकडे पाहिलं. आता तो एकटा राहिला नव्हता, त्याच्यामागे खेळ उभा होता. "वयनी, खेळ म्हणजे खेळ," तो म्हणाला.

आता तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. पॅक करून त्या चार पेंढ्या बैलांसाठी परत घ्यायच्या, नाहीतर दोन चाली टाकायच्या आणि त्याला शो मागायची किंवा पत्ते बघायची बुद्धी होवो म्हणून वाट पाहायची. मी म्हटलं, "टाक, आई." नसतं म्हटलं तरी तिने टाकल्याच असत्या. तिची माय तिकडे लहानीले बोलवा म्हणत होती.

तिने दोन मधे ढकलल्या. त्याने एक. मग त्याचा हात आपल्या पत्त्यांकडे गेला. मी स्वतः पाहिलं, त्याने अंगठ्याने पत्त्यांची कड उचललीसुद्धा. त्याने पाहिले असते, तर तोही आमच्यासारखा झाला असता. मग आईला शो मागायला कोणी अडवलं नसतं. पण मागून एक टवाळ ओरडला, "मालक, आता कायले पाह्यता? बाईजवळ राह्यलं काय?" त्याचा अंगठा थांबला. तो हसला आणि हात मागे घेतला.

आईने शेवटच्या दोन टाकल्या. "आता तरी तुमी मागा शो," म्हणाली.

"मी काहून मागू?" तो म्हणाला. आवाजात दुष्टावा नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता. त्याने एक पेंढी टाकली. "ब्लाइंड."

आईने मागे हात नेला. मागे काही नव्हतं. तिने हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं असावं, कारण तो घाईघाईने म्हणाला, "नाही, नाही, वयनी, तसलं काही नको. आपण काय जुगारी हाओत काय?"

घोळक्यातल्या निम्म्या लोकांच्या गाडीला कडबा लोंबत होता. एका माणसाने दोन पेंढ्या पुढे सरकवल्या असत्या तर डाव चालू राहिला असता. कोणी हात खिशातून काढला नाही. डावात उसनं चालत नाही, असंही एक जण म्हणाला. तिथे काय काय चालत नाही याची सगळ्यांना पक्की माहिती होती.

आईने पत्ते उताणे टाकले. दोन राण्या आणि एक्का. "अरेरे, चांगले होते की," कोणीतरी हळहळलं. मी म्हटलं, "आता तुमचेही दाखवा." त्याने मान हलवली. "नाही, बेटा. पॅक झाल्यावर नाही पाहत." आणि आपले तीन पत्ते, स्वतःही न बघता, त्याने गड्डीत सारले आणि पिसायला घेतले. त्याच्याकडे काय होतं ते त्यालाही कळलं नाही. जगात कोणालाच कळलं नाही. तीन भिकार पत्त्यांनी माझ्या आईला उठवलं असेल, किंवा तीन एक्क्यांनी.

खरी गंमत त्याच्या पुढे आहे. आम्ही गाडीपाशी पोचलो नाही तोच त्याचा गडी मधला सगळा कडबा घेऊन आला. मालकांनी परत पाठवला होता. "बैलायच्या तोंडचा कसा घ्यावा, म्हणे." रांगेत वाहवा झाली. दिवसभर येणारा-जाणारा आम्हाला ऐकवून जायचा, काय गेलं वयनीचं? नंबर तिचा तिच्यापाशी, कडबा तिचा तिच्यापाशी, वर मालकाच्याही पेंढ्या जास्तच. आईने तो कडबा घेतला, कारण बैलांना रात्री काहीतरी खायला लागतंच. मला तो त्या माणसाच्या अंगावर फेकावासा वाटत होता. संध्याकाळी त्याची गाडी फाटकातून आत गेली तेव्हा त्याने आम्हाला हात जोडून नमस्कारसुद्धा केला.

त्यानंतर रांग हलेना. आत जागा नव्हती. आमचा नंबर लागला तेव्हा ग्रेडरने मूठभर कापूस उचलला, झटकला आणि खालची प्रत लिहून मोकळा झाला. आईने त्याच्याशी वाद घातला नाही. तिने कागद कमरेला खोचला, गाडी न्यायला आलेल्या सालदाराला बैलांबद्दल सांगितलं आणि आम्ही दोघी समोर दिसेल त्या गाडीत बसलो. यवतमाळच्या स्टँडवर वडील उभे दिसले. ड्युटी सोडून आले होते. त्यांनी काही सांगायची गरज पडली नाही. आजी आदल्या दिवशी गेली होती. माती व्हायची ती होऊन गेली होती.

तेरवीचा पसारा उरकल्यावर ओसरीवर आई, मामा आणि मी असे तिघंच होतो. आईने मामाला तो डाव सांगितला. तोपर्यंत ती रडली होती, पण बोलली नव्हती. आता तिच्या तोंडातून राळेगाववाल्यांना शिव्या निघाल्या. "अडाणी कुठले. तिकडं म्हणे ब्लाइंडले शोच नाही. आपल्याकडं हाय म्हणून सांगतलं तं हसले माह्यावर. तूच सांग, माय कशी खेळे? दुप्पट टाकून शो मागता येये ना?"

मामा बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "कुठंच नाही मागता येत."

"आपल्या घरी येये ना."

"आपल्या घरी तुलेच येये. आमाले नाही." तो तिच्याकडे बघत नव्हता. "तू एवढीशी होती. आमी दोघं भाऊ ब्लाइंड खेळून खेळून तुहे सगळे चिंचोके संपवत होतो अन् तू भोकाड पसरे. मंग मायनं नवा कायदा काढला, लहानीले दुप्पट टाकून शो मागता येईन. तू झोपली का आमी नेहमीसारखे खेळत होतो. तुह्या लग्नापर्यंत तसंच चाललं. मंग कोणी तुले सांगतलंच नाही."

मला एकदम आजीचा राग आला. मेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. लाड करताना पुढचं काही सुचू नये का बाईला? रांगेतले लोक हसले, मालकाने मान हलवली, ग्रेडरने झटकलं, ते सगळे परके होते. ही तर सख्खी आई होती, आणि तिनेच लेकीला जगात कुठेच चालत नाही असा नियम शिकवून ठेवला होता.

आई उठली, भांड्यांचा ढीग घासायला अंगणात घेऊन गेली आणि राख हातात घेऊन, आमच्याकडे पाठ करून म्हणाली, "सांगाले पाह्यजे होतं तिनं. मी लहानी नाही राह्यली म्हणून कोणी तरी मले सांगाले पाह्यजे होतं."